अर्धा मिलिग्रॅम

१९५५ च्या पावसाळ्याअखेर यमुनेला मोठा पूर आला आणि ओसरताना नदीनं पात्र बदललं. दिल्लीला पाणी पुरवणारं वझिराबादचं पंपिंग स्टेशन ज्या काठावर होतं, त्या काठापासून प्रवाह दूर सरकला. तिथून थोडं खाली नजफगढचा नाला यमुनेला मिळतो. शहराची घाण वाहून आणणाऱ्या त्या नाल्याचं पाणी एरवी नदीबरोबर पुढे जायचं. नोव्हेंबरात ते उलटं फिरलं आणि पाणी उपसण्याच्या जागेपर्यंत येऊन ठेपलं. शुद्धीकरण केंद्रातल्या अभियंत्यांच्या हे ध्यानात आलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरीनची मात्रा वाढवली, आणि आठवडाभराच्या आत नाल्याचं पाणी मागे हटवण्यात आलं. त्यांनी कामात कसूर केली नव्हती. शहरात पटकी पसरली नाही, विषमज्वराचे रुग्ण वाढले नाहीत, हगवणीची लाट आली नाही. संकट टळलं असं समजायला पुरेसं कारण होतं.

डिसेंबर उजाडला आणि दिल्लीकरांचे डोळे पिवळे पडू लागले. जानेवारीपर्यंत २९,३०० जणांना उघड कावीळ झाली. डॉ. आर. विश्वनाथन यांच्या नेतृत्वाखाली या साथीचा घरोघरी जाऊन अभ्यास झाला. पाण्यातून पसरलेल्या काविळीचं इतकं बारकाईचं टिपण जगात तोवर फारसं कुणी केलं नव्हतं. त्या टिपणात दोन गोष्टी खटकणाऱ्या होत्या. कावीळ लहान मुलांपेक्षा तरुणांना जास्त झाली होती, आणि गरोदर स्त्रिया इतरांच्या मानानं कितीतरी अधिक प्रमाणात दगावल्या होत्या.

या दोन्ही गोष्टींचा अर्थ लागायला पंचवीस वर्षं लागली. अर्थ लावणाऱ्या कामाचा मोठा वाटा पुण्यात झाला. कावीळ हटवण्याच्या सरकारी धोरणांबद्दल आज जे बोललं जातं, ते नीट समजायचं तर हा जुना धागा हाती घ्यावा लागतो. कारण सुई आणि गोळी यांच्या जोरावर आपण ज्या काविळी हटवायला निघालो आहोत, त्यांत दिल्लीची ही कावीळ नाही.

त्या काळी गावोगाव कावीळ म्हणजे एकच दुखणं होतं. भंडाऱ्याकडे, मोहाडी-तुमसरच्या पट्ट्यात, मध्य प्रदेशाची हद्द जवळ असल्यानं तिला ‘पिलिया’ही म्हणतात. उपाय ठरलेले असत. कुणी डोक्यावर वनस्पतीच्या काड्यांची माळ घालायचं. माळ दिवसागणिक लांबत खाली उतरली, की कावीळ उतरली. कुणी हाताला काहीबाही चोळून चुन्याच्या पाण्यात धुवायला लावायचं आणि पाणी पिवळं झालेलं दाखवायचं. कुणी नाकात रस पिळायचं, कुणी तापल्या सळईनं डाग द्यायचं. ओल्या काड्या वाळल्या की आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते, हे आज कुणालाही सांगता येईल. पण हे उपाय टिकले त्यामागचं कारण अधिक खोल आहे. पाण्यातून येणारी कावीळ बहुतेकांना चार-सहा आठवड्यांत आपोआप सोडून जाते. ज्याच्या हाताखाली रुग्ण तेव्हा असेल, त्याला यश मिळतं. अपयश येतं ते बाळंतपण जवळ आलेल्या बाईच्या बाबतीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत या काविळीनं शंभरातल्या वीस-पंचवीस जणी जाऊ शकतात. घरी मेलेल्या त्या सुनांची नोंद ‘बाळंतपणात गेली’ अशी तोंडी राहिली. त्या किती होत्या हे कुठल्याच तक्त्यात सापडत नाही, आणि या सगळ्या इतिहासातली मला सर्वांत जास्त सलणारी जागा हीच आहे.

वैद्यकशास्त्राचं ज्ञानही तेव्हा फार पुढे नव्हतं. दुसऱ्या महायुद्धानंतर एवढं कळलं होतं की कावीळ दोन वाटांनी येते: एक तोंडावाटे, पाण्याअन्नातून, दुसरी रक्तातून, सुईतून. पहिलीला ए म्हटलं गेलं, दुसरीला बी. दिल्लीची साथ पाण्यातून आलेली, म्हणजे ती ए. यात कुणाला शंका घ्यावीशी वाटली नाही. शंका घेण्यासाठी लागणारी तपासणीच अस्तित्वात नव्हती.

पुण्यात १९५२ मध्ये भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतलं रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून विषाणू संशोधन केंद्र उभं केलं होतं. सुरुवातीची वर्षं ते डास आणि गोचीड यांच्यामार्फत पसरणाऱ्या विषाणूंच्या मागे होतं. कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलातल्या माकडतापाचा छडा त्याच काळात लागला. १९७५-७६ मध्ये अहमदाबादेत काविळीची मोठी साथ आली आणि पुण्याच्या संशोधकांनी तिचा अभ्यास केला. एम. ए. श्रीनिवासन हे त्यातलं महत्त्वाचं नाव. १९७८ मध्ये केंद्राचं राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्था असं नामांतर झालं, आणि डॉ. खोर्शेद पावरी संचालकपदी आल्या. संस्थेच्या त्या पहिल्या स्त्री संचालक.

दरम्यान अमेरिकेत फाइनस्टोन, कापिकियन आणि पर्सेल यांनी १९७३ मध्ये ए विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता. त्यामुळे रक्ताची चाचणी करता येऊ लागली. ए ची लागण नुकतीच झाली आहे की कधीकाळी होऊन गेली आहे, हे रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ओळखता येऊ लागलं. मग पुण्याच्या संशोधकांनी अमेरिकी सहकाऱ्यांबरोबर एक फार साधं आणि फार धाडसी काम केलं. त्यांनी जुन्या साथींचं रक्त पुन्हा तपासायला घेतलं. दिल्लीच्या १९५५-५६ च्या साथीतले जपून ठेवलेले रक्तद्रवाचे नमुने, अहमदाबादचे नमुने, आणि पुण्यात नेहमी दिसणाऱ्या काविळीच्या रुग्णांचे नमुने.

उत्तर अनपेक्षित होतं. जवळपास प्रत्येकाच्या रक्तात ए ची जुनी खूण होती. म्हणजे ए ची लागण त्यांना लहानपणीच, बहुधा कुणाच्या लक्षातही न येता, होऊन गेली होती. आपल्याकडे तेव्हा पाण्याची आणि शौचाची अवस्था अशी होती की पाच-दहा वर्षांचं होईपर्यंत बहुतेक मुलांना ए गाठायचाच, आणि लहान वयात तो सौम्य असतो. एकदा झाला की जन्मभर पुन्हा होत नाही. मग हजारो तरुणांना पिवळं करणारा विषाणू ए कसा असेल? ताज्या लागणीची खूण साथीच्या नमुन्यांत नव्हतीच. बी ही नव्हता. १९८० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये वाँग, पर्सेल, श्रीनिवासन, प्रसाद आणि पावरी यांचा निबंध आला. भारतातल्या साथींच्या मागे ए नाही, बी नाही, असा कुठला तरी तिसराच विषाणू आहे, असं त्यात म्हटलं होतं.

त्याच वर्षी काश्मीरमधून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू यांनी स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला. १९७८ च्या हिवाळ्यात काश्मीर खोऱ्यातल्या सुमारे दोनशे गावांत कावीळ पसरली होती. सुमारे बावन्न हजार आजारी आणि सतराशे मृत्यू, असा त्यांचा अंदाज. खुरू स्वतः गावोगाव फिरले, गरोदर स्त्रियांचे मृत्यू त्यांनी जवळून पाहिले. एकीकडे शीतकपाटातल्या नळ्या, दुसरीकडे बर्फातली पायपीट, आणि दोन्हीकडून निघालेलं उत्तर एकच. भारतीय वैद्यकाच्या इतिहासातलं हे वर्ष शाळेच्या पुस्तकात यायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पुढच्याच वर्षी, १९८१ मध्ये, साथ महाराष्ट्रात आली. पंचगंगेकाठच्या कोल्हापुरात पाण्यातून कावीळ फुटली. श्रीनिवासन आणि सहकारी तिथे पोहोचले तेव्हा काय शोधायचं ते त्यांना ठाऊक होतं. रक्त तपासलं, पुन्हा तेच. ए नाही, बी नाही. दिल्लीत जे अंदाजानं आणि मागे वळून ओळखलं, ते कोल्हापुरात डोळ्यांसमोर दिसलं.

विषाणू दिसायचा मात्र राहिला होता. तो पाहण्यासाठी सोव्हिएत संशोधक मिखाईल बलायान यांनी अफगाणिस्तानातल्या आजारी सैनिकांच्या विष्ठेचा अर्क स्वतः प्यायला. ए त्यांना आधीच होऊन गेलेला होता, तरी कावीळ झाली, आणि त्यांच्याच विष्ठेत ते बारीक गोल कण सापडले. हा वृत्तान्त १९८३ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८८ मध्ये पुण्याच्या डॉ. विद्या अरणकल्ले, श्रीनिवासन, पावरी आणि अमेरिकेतले त्यांचे सहकारी यांनी या कणांचा आजाराशी असलेला संबंध पक्का करणारा निबंध ‘लॅन्सेट’मध्ये दिला. १९९० मध्ये कॅलिफोर्नियात रेयेस यांच्या गटानं विषाणूचा जनुकीय तुकडा वेगळा काढला आणि त्याचं नाव ई ठरलं. त्याआधी वर्षभर, रक्तातून येणाऱ्या आणखी एका अनोळखी काविळीला सी हे नाव मिळालं होतं.

पुढे अरणकल्ले यांनी पुण्यातल्या लोकांचं रक्त १९८२ आणि १९९२ अशा दहा वर्षांच्या अंतरानं तपासलं. ए च्या खुणा बालपणातच, ई च्या मात्र तारुण्यात, आणि त्याही दहातल्या चौघांच्या आसपास. म्हणजे आपल्या गावांत ई साठी मोकळी असलेली, न भेटलेली तरुण माणसं कायम मोठ्या संख्येनं असतात. विहीर किंवा नळ एकदा बाटला की साथ पेटायला सरपण तयारच. दिल्लीत तरुणच का पिवळे पडले, या पहिल्या कोड्याचा उलगडा इथे झाला. गरोदर स्त्रियाच का मरतात, याचं पुरतं उत्तर आजही मिळालेलं नाही.

आता क्लोरीनकडे वळू. दिल्लीच्या अभियंत्यांनी क्लोरीन वाढवलं, त्यानं विषमज्वर आणि पटकी अडली, पण कावीळ अडली नाही. विषाणूला मारायला जास्त क्लोरीन आणि जास्त वेळ लागतो. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, हा धडा एका आकड्यात उतरला आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मोकळं क्लोरीन शिल्लक असायला हवं. आणि विषाणूंपासून संरक्षण हवं असेल तेव्हा ०.५. दिल्लीच्या हिवाळ्यात जे हुकलं, ते मानकाच्या भाषेत एवढंच: अर्धा मिलिग्रॅम.

शहरात हे काम जलशुद्धीकरण केंद्र करतं. पण विहिरीवर पिणाऱ्या गावाचं काय? या प्रश्नावर नागपुरात विचार झाला. १९५८ मध्ये सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था तिथे स्थापन झाली. १९७४ पासून तिला नीरी म्हणतात. या संस्थेनं विहिरीसाठी ‘दोन मडक्यां’ची पद्धत तयार केली, आणि ती देशभरातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आजही शिकवली जाते. एक लहान मडकं मोठ्या मडक्यात ठेवायचं. दोन्हींना बोटाएवढं, एक सेंटिमीटरचं भोक. आतल्याला काठाजवळ, बाहेरच्याला तळापासून चार सेंटिमीटर वर. एक किलो ब्लिचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू किंचित ओलवून आतल्या मडक्यात भोकाच्या खालपर्यंत भरायची. बाहेरच्या मडक्याचं तोंड प्लास्टिकनं बांधायचं आणि दोरानं विहिरीत पाण्याच्या पातळीखाली किमान मीटरभर सोडायचं. साडेचार हजार लिटर पाण्याच्या घरगुती विहिरीला, रोज साडेतीनशे-साडेचारशे लिटर उपसा असेल तर, दोन-तीन आठवडे पाणी हळूहळू क्लोरीन घेत राहतं. कुंभाराची दोन मडकी, वाळू आणि एक किलो पावडर. मला ही पद्धत शिकताना जो आनंद झाला तो अजून आठवतो. गावातल्या माणसाच्या हाताला झेपेल इतकं शास्त्र त्यात होतं.

मोहाडी तालुका या सगळ्याचा विचार करायला चांगली जागा आहे. भंडाऱ्याहून तुमसरला जाताना हे गाव लागतं. चौंडेश्वरी देवीमुळे आसपासच्या जिल्ह्यांत ओळख आहे. जवळच्या आंधळगावात कोशाचं कापड विणलं जातं. वरठीला रेल्वे स्टेशन आणि पोलादाचा कारखाना. बाकी सगळा धानाचा मुलूख, तलाव, बोड्या आणि विहिरी. सूर आणि वैनगंगा या नद्या. धानाच्या बांधीत पाणी साचून राहणं ही पिकाची गरज. पण त्याच पाण्याच्या शेजारी हातपंप, विहीर आणि उघड्यावरचं शौच असलं, की जमिनीवरची घाण पहिल्याच जोराच्या पावसात विहिरीत उतरते. म्हणून महाराष्ट्रात वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, गावातल्या प्रत्येक सार्वजनिक स्रोताची स्वच्छता पाहणी करून ग्रामपंचायतीला कार्ड दिलं जातं. धोका कमी तर हिरवं, मध्यम तर पिवळं, जास्त तर लाल. सलग पाच वर्षं हिरवं राहिलं आणि साथ आली नाही तर चंदेरी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर टाकतो आणि नळाच्या टोकाशी ओटी चाचणी घेतो: नळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे.

ही व्यवस्था कागदावर उत्तम आहे, आणि जिथे मनापासून राबते तिथे ती प्राण वाचवते. २००० साली आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबांच्या नावानं ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, तेव्हा विदर्भातल्या गावांनी गटारं, शोषखड्डे आणि शौचालयं यांसाठी जो उत्साह दाखवला तो विसरता येत नाही. पण पावडर जुनी, ओलसर झालेली असेल तर तिच्यात क्लोरीन उरत नाही. टाकल्यावर अर्धा तास न थांबता पाणी सोडलं तर उपयोग नाही. आणि ओटी चाचणीत फिकट पिवळा दिसला की ‘आहे’ अशी नोंद होते, तो ०.२ आहे की ०.५, हे नोंदवहीत क्वचितच उतरतं. पटकीसाठी ‘आहे’ पुरेल. ई साठी पुरणार नाही.

रक्तातून येणाऱ्या काविळींचा इतिहास वेगळ्या वाटेनं गेला, आणि त्यात यश स्पष्ट दिसतं. बी चा शोध ब्लुम्बर्ग यांनी १९६० च्या दशकात लावला, १९७६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, १९८० च्या दशकात लस आली. पण परदेशी लसीची किंमत आपल्या सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होती. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं जनुकीय तंत्रानं बनवलेली पहिली भारतीय लस बाजारात आणली आणि किंमती कोसळल्या. २००२ मध्ये काही शहरांत आणि जिल्ह्यांत सरकारी लसीकरणात बी ची लस प्रायोगिक तत्त्वावर आली. २००७-०८ मध्ये महाराष्ट्रासह दहा राज्यांत. २०११ पर्यंत देशभर. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत पहिला डोस, हा तिचा गाभा. आईकडून बाळाला बाळंतपणात झालेली लागण बहुधा जन्मभर राहते आणि पन्नाशीत यकृत सुकवते किंवा कर्करोग देते. रक्तपेढ्यांतही बदल झाले. पैसे घेऊन रक्त देणं सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं १९९८ पासून बंद झालं, आणि सी ची तपासणी २००१ पासून सक्तीची झाली. अमिताभ बच्चन यांना १९८२ च्या अपघातानंतर मुंबईत दिलेल्या रक्तातून बी ची लागण झाली होती. ती उमगेपर्यंत यकृताचा मोठा भाग गेलेला होता. ते हे जाहीरपणे सांगत आले आहेत, आणि अशा आजाराबद्दल उघडपणे बोलणारा मोठा माणूस मिळणं ही छोटी गोष्ट नाही.

सी चा प्रवास तर थक्क करणारा. २०१३ मध्ये अमेरिकेत सोफोसबुविरची एक गोळी हजार डॉलरला होती, बारा आठवड्यांचा कोर्स चौऱ्याऐंशी हजार डॉलरचा. पुढच्या वर्षी भारतीय कंपन्यांना ती बनवण्याचे परवाने मिळाले आणि किंमत शेकड्यांच्या पटीत खाली आली. आज सरकारी केंद्रात हाच कोर्स मोफत मिळतो. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

या यशाच्या मधोमध २०१२ मध्ये इचलकरंजी घडली.

यंत्रमागांचं हे शहर, २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या वरचं. पंचगंगा कोल्हापुरातून जयंती नाल्याचं सांडपाणी घेऊन खाली येते, वाटेत गावांची आणि कारखान्यांची भर पडते, आणि मग तिच्या काठी इचलकरंजी. शहराला पाणी पंचगंगेतून आणि मजरेवाडीहून कृष्णेच्या जलवाहिनीतून येतं. त्या वर्षीच्या कडक उन्हाळ्यात नदी आटली, पाणी काही दिवसांआड येऊ लागलं. पाणी बंद असतं तेव्हा नळाची वाहिनी रिकामी असते, आणि रिकाम्या गळक्या वाहिनीत शेजारच्या गटाराचं पाणी ओढलं जातं. मे महिन्यात दवाखाने भरू लागले. हजारोंना कावीळ झाली, माणसं दगावली. रक्ताच्या तपासणीत निघाला ई. एकतीस वर्षांपूर्वी त्याच नदीच्या काठी, पंचवीस-तीस किलोमीटरवर ज्याची ओळख पटली होती, तोच.

ई चा एक स्वभाव इथे लक्षात घ्यावा लागतो. लागण झाल्यापासून डोळे पिवळे पडेपर्यंत सरासरी चाळीस दिवस जातात. दवाखान्यात रांग लागते तेव्हा ज्या दिवशी घाण आत शिरली तो दिवस कधीच मागे पडलेला असतो. नमुना घेतला तर पाणी शुद्धही निघू शकतं, आणि ‘आमच्या पाण्यात दोष नाही’ असं लिहून देता येतं. दिल्लीतही घाण आणि कावीळ यांच्यात असंच अंतर पडलं होतं. म्हणून साथ आल्यावर धावणारी यंत्रणा ई पुढे नेहमी उशिरा पोहोचते.

पंचगंगेच्या प्रदूषणाचा प्रश्न उच्च न्यायालयात गेला, नागपूरच्या नीरीनं नदीची पाहणी केली, सांडपाणी प्रक्रिया केंद्रं उभी राहिली. इचलकरंजीसाठी दुसऱ्या नदीचं पाणी आणावं म्हणून आधी वारणेवर दानोळीची योजना आली, तिला काठच्या शेतकऱ्यांनी विरोध केला. मग दूधगंगेवर सुळकुडची, तिलाही विरोध. शेतकऱ्यांचं भय खोटं नाही. पण एका शहराला शुद्ध पाणी हवं म्हणून दुसऱ्या नदीकडे हात पसरावा लागतो, कारण स्वतःची नदी आपण पिण्याजोगी ठेवली नाही, हे मूळ दुखणं त्या वादात बाजूला पडतं.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवलं की २०३० पर्यंत काविळीच्या नव्या लागणी नव्वद टक्क्यांनी आणि मृत्यू पासष्ट टक्क्यांनी घटवायचे. हे लक्ष्य बी आणि सी साठी आहे. भारतानं २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. फेब्रुवारी २०१९ मध्ये कृती आराखडा मुंबईत जाहीर झाला. संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात बी बाळगणारे सुमारे २ कोटी ९८ लाख आणि सी चे ५५ लाख लोक आहेत. कार्यक्रमात मोफत तपासणी, मोफत औषधं, गरोदर स्त्रियांची बी साठी चाचणी, आईला बी असेल तर बाळाला लसीबरोबर प्रतिपिंडांचं इंजेक्शन, आरोग्य कर्मचाऱ्यांना लस, एवढं सगळं आहे. त्यातलं प्रत्येक कलम आवश्यक आहे. कार्यक्रमाच्या उद्दिष्टांत सी साठी शब्द आहे ‘निर्मूलन’. ए आणि ई साठी आहे ‘धोका आणि मृत्यू कमी करणं’.

हा फरक प्रामाणिक आहे, कारण ई चं निर्मूलन आरोग्य खात्याच्या हातात नाहीच. त्यावर चीनमध्ये २०११ च्या अखेरीस लस मंजूर झाली. २०२२ मध्ये दक्षिण सुदानच्या बेंतिऊ छावणीत साथ असताना ती गरोदर स्त्रियांसह हजारोंना दिली गेली. आपल्याकडे ती मिळत नाही. उद्या मिळाली तर साथीच्या गावात गरोदर बाईसाठी तिचा आग्रह धरायला हवा. पण आज ई ला अडवणारी जागा पाणीपुरवठा खातं, नगरपंचायत, ग्रामपंचायत, सांडपाण्याची वाहिनी ही आहे. आणि नदीही. नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते, कन्हान अंभोऱ्याला वैनगंगेला, आणि गोसीखुर्दच्या धरणामागे तुंबलेलं ते पाणी भंडाऱ्यापर्यंत मागे येतं. भंडाऱ्याच्या नळाला येणाऱ्या पाण्याबद्दल लोक वर्षानुवर्षं तक्रार करत आले आहेत. मोहाडी वैनगंगेच्या वरच्या अंगाला असल्यानं त्या पाण्यातून सुटली आहे, पण पावसाळ्यातल्या विहिरीतून नाही.

मोहाडीसारख्या तालुक्यात आरोग्याचं आणि पाण्याचं, ही दोन कामं एकमेकांना कधी भेटत नाहीत. गरोदर बाईची बी साठी तपासणी झाली की तिची नोंद आरोग्य केंद्रात. ती ज्या टाकीचं पाणी पिते त्या टाकीच्या ओटी चाचणीची नोंद ग्रामपंचायतीत. काविळीचा रुग्ण आढळला की साथरोग सर्वेक्षणाच्या आठवड्याच्या अहवालात एक आकडा वर जातो. हे तीनही कागद तालुका आरोग्य अधिकाऱ्यानं दर आठवड्याला एकत्र वाचावेत आणि जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, निदान ज्या वाडीवर गरोदर बायका आहेत तिथे, नळाच्या टोकाशी ०.५ चा आकडा मोजून लिहावा, ‘आहे’ असं नव्हे. त्याला नवी योजना लागत नाही, नवा निधीही फारसा नाही. जलसुरक्षकाला आकडा दाखवणारी रंगपट्टी, ताजी पावडर आणि वेळेवर मानधन लागतं. नळ घरोघर पोहोचवण्याची जलजीवन मोहीम २०१९ पासून चालू आहे. तिच्या नव्या वाहिन्या काही ठिकाणी जुन्या गटारांच्या शेजारून जातील. त्या टाकतानाच, खड्डा बुजवण्याआधी, गटार आणि नळ यांच्यातलं अंतर तपासणारा अभियंता जागेवर उभा असायला हवा.